मालगुजारी वाड्याचे मोल

स्मरणिकेसाठी लेखणी हाती घेतली म्हणजे पूर्वजांच्या वैभवाचे वर्णन करावे, अशी आपल्याकडे रीत आहे. यंदा आम्ही त्या रीतीला किंचित मुरड घालीत आहोत. पूर्वजांचे वैभव नेमके कशात होते आणि त्यातले हाती काय उरले, याचे भान सुटले म्हणजे आपल्याच कुटुंबांचे किती नुकसान होते, हे गतवर्षी मार्गशीर्षात आम्हांला जवळून पाहावयास मिळाले. त्या प्रसंगाच्या निमित्ताने इतिहासाची थोडी उजळणी करण्याचा हा प्रयत्न आहे.

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरी (मोठी) येथे आपल्या समाजातील एक तरुण शेतकरी राहतात. शेजारच्या गावातील एक जुना मालगुजारी वाडा आणि त्यालगतच्या धानाच्या बांध्या विकावयाच्या आहेत, असे कळल्यावरून त्यांनी आम्हां दोघा-तिघांना सल्ल्यासाठी बोलाविले. धानाची मळणी उरकली होती. आम्ही वाडा पाहून आलो. दर्शनी दरवाजा भक्कम होता. परंतु मागील सोप्याची कवेलू घसरली होती, मातीच्या भिंतींना ओल चढली होती, दोन मयालींना वाळवीने पोखरले होते आणि विहिरीचा काठ ढासळला होता. किंमत मात्र एखाद्या नांदत्या वाड्याला शोभावी अशी सांगण्यात आली.

विक्रेते वयोवृद्ध आणि भले गृहस्थ होते. खरेदीदार त्यांना मामाजी म्हणत. ते म्हणाले, "बाबा, तू भिंती पाहतोस. या घराच्या नावे गावचा तलाव होता, बाजार होता, आमराई होती. ते सारे धरूनच मी किंमत सांगतो." या वाक्यात लबाडी नव्हती, दुःख होते. परंतु मोलभावाचे सगळे मर्म त्याच वाक्यात दडलेले होते; आणि ते उलगडण्यासाठी दीडशे वर्षे मागे जाणे भाग आहे.

तलाव हे भंडाऱ्याचे भूषण. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यांस जमिनी दिल्या, अशी परंपरा सांगते. आणि ते खोदण्यात कोहळी समाजाचा वाटा मोठा होता, हे सर्वश्रुत आहे. भोसल्यांच्या अमलात गावचा पाटील सारा वसूल करून भरणारा होता, गावाचा मालक नव्हे. 1853 मध्ये तिसरे रघूजी भोसले निधन पावले, 1854 मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले, आणि 1861 मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. त्यानंतरच्या जमाबंदीत या सारा भरणाऱ्यांना गावावर मालकी हक्क बहाल झाले. येणेप्रमाणे कालचा वसुली करणारा आजचा मालगुजार झाला. स्वतःच्या वहितीची सीर आणि खुदकाश्त जमीन तर त्याची होतीच. शिवाय पडीत, झाडे, तलाव, बाजार यांवरही त्याचा हक्क चालू लागला. वाड्याचा रुबाब या दुसऱ्या हक्कावर उभा होता.

हा दुसरा हक्क 31 मार्च 1951 रोजी संपला. मध्य प्रदेशच्या 1950 च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने गावातील तलाव, पाणवठे, वने, बाजार, पडीत जमिनी व गावठाण सरकारात जमा झाले. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. अहेरीचे जमीनदार विश्वेश्वरराव यांनी हा कायदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढविला. परंतु 1952 मध्ये न्यायालयाने कायदा मूलतः ग्राह्य ठरविला. माजी मालगुजारांकडे राहिले ते मुख्यतः असे: घरे, वहिवाटीची आवारे, त्यांतील झाडे व विहिरी, घरची सीर-खुदकाश्त, आणि स्वतःच्या ताब्यातील वहिती जमिनीत असलेले तलाव. गावचे मोठे तलाव 'माजी मालगुजारी तलाव' या नावाने ओळखले जाऊ लागले; लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. त्या नावातील 'माजी' हा शब्द विसरता कामा नये.

आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. मोबदला ठरविताना सरकारने वाड्याची उंची मोजली नाही. इस्टेटीचे निव्वळ उत्पन्न काढले आणि त्याच्या पटीत रक्कम ठरविली. ती रक्कम पुरेशी होती की नाही, हा वाद वेगळा. तथापि मालमत्तेचे मोल तिच्या उत्पन्नावरून काढावे, ही पद्धत आजच्या खरेदीदारासही उपयोगी आहे.

आम्ही दिघोरीच्या त्या ओसरीवर बसून हाच मार्ग धरला. सांगितलेल्या एकरकमी किमतीचे चार वाटे केले. पहिला वाटा जमिनीचा. सातबारा व नकाशा पुढे ठेवून प्रत्यक्ष मोजणीचे क्षेत्र धरले. पाणी कोणत्या बांधीला पोहोचते, हे वर्षानुवर्षे रोवणा करणाऱ्यांकडून विचारून घेतले, आणि खर्च वजा जाता किती धान उरते यावरून मोल काढले. दुसरा वाटा घराच्या जागेचा. तिसरा इमारतीचा, येथे उभ्या भिंतींचे मोल न धरता कामास येणारे सागवान व कवेलू मोजली, आणि त्यांतून पडझड काढण्याची मजुरी वजा केली. चौथा वाटा तलाव, बाजार आणि नाव यांचा. तलाव गावचा निघाला. तो विक्रेत्याच्या खात्यात नव्हता. चौथा वाटा शून्य ठरला.

वाचकांनी येथे एक भेद जाणून घ्यावा. सरकारी मालकीच्या जागेवरील चराई, सरपण इत्यादी गावकऱ्यांच्या हक्कांची नोंद विदर्भात निस्तार पत्रकात असते. खाजगी जमिनीतील व पाण्यातील सिंचन, वाट व मासेमारी यांच्या वहिवाटीची नोंद वाजिब-उल-अर्जात असते. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने या दोन्ही नोंदी कायम ठेवल्या आहेत. बोडी स्वतःच्या जमिनीत असली तरी तिच्या पाण्यावर शेजाऱ्यांचा हक्क असू शकतो, आणि तो हक्क किमतीतून वजा धरावा लागतो.

मालकीचा धागाही तपासला. जुन्या वाड्यास वारस पुष्कळ असतात. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत कन्यांचाही पुत्रांइतकाच वाटा असल्याने बहिणींच्या सह्यांवाचून खरेदी करणे म्हणजे कज्जा विकत घेणे होय. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे सहज न दिसणारा व आपणांस ठाऊक असलेला दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे. परंतु उघड्या डोळ्यांना दिसणारी वाळवी पाहणे हे खरेदीदाराचेच काम. म्हणून इसार देण्यापूर्वी कागद पाहावेत, इसार दिल्यावर नव्हे. सरकारी मूल्यदर तक्ता मुद्रांक शुल्कासाठी असतो. पडक्या भिंतीचा न्याय तो करीत नाही.

हे सर्व मामाजींपुढे मांडताना आमच्या मनावर दडपण होते. वृद्धास त्याच्या घराचे दोष मोजून दाखविणे सुखाचे नसते. त्यांनी बराच वेळ कागद पाहिला आणि म्हटले, "तलाव गेला हे मला ठाऊक होते. कोणी असे हिशेबात मांडून दाखविले नव्हते." त्यानंतर खरेदीदार आपल्या हिशेबाहून खाली आले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. मामाजींना नातवाच्या शिक्षणासाठी पैशांची निकड होती, हे ठाऊक असूनही त्यांनी तिचा फायदा घेतला नाही. सांगितलेल्या किमतीहून पुष्कळ कमी, पण हिशेबाने निघालेली पूर्ण रक्कम ठरली. देवघरातील देव आणि दर्शनी दरवाजाची कोरीव चौकट मामाजींनी सोबत न्यावी, असे खरेदीदारांनी आपण होऊन सुचविले. बहिणी सह्यांसाठी आल्या, त्या दिवशी सर्वांची पंगत त्याच ओसरीवर झाली.

रास्त किंमत म्हणजे पाडून मागितलेली किंमत नव्हे, आणि आठवणींची किंमतही नव्हे. जे आज देता येते, त्याचेच मोल मागावे. जे आज हाती येते, त्याचे पुरते मोल द्यावे. आपल्या अनेक घरांत 1951 पूर्वीचे पट्टे, जमाबंदीचे उतारे व मोबदल्याचे कागद पेटीत पडून आहेत. ते वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी बाहेर काढावेत, मुलामुलींना वाचून दाखवावेत, आणि व्यवहाराची वेळ आल्यास दोन जाणत्या माणसांना सोबत घ्यावे, एवढी विनंती करून आम्ही समाजबांधवांची रजा घेतो.