घट्ट ऑइलची बाटली

मागच्या खरिपात आपला जुना ट्रॅक्टर निळा धूर सोडायचा, ऑइलही प्यायचा. दुकानदाराने मधासारखं घट्ट रसायन दिलं, "ऑइलमध्ये ओता, इंजिन नवं होईल." ओतलं. धूर कमी झाला, मी खूश!

पण या बाटलीचा इतिहास जुना आहे. अमेरिकेत १९५३ साली एसटीपी कंपनी निघाली. शर्यतीच्या गाड्यांवर तिचे स्टिकर झळकले, बाटल्या धडाधड खपल्या. १९७१ मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' मासिकाने सांगितलं, हे नुसतं ऑइल घट्ट करतं, कामाचं नाही. पुढे ऑइल कमी जळतं या जाहिरातीपायी १९७८ मध्ये कंपनीला ५ लाख डॉलर दंड बसला.

कारण साधं आहे. झिजलेल्या रिंगांमधून घट्ट ऑइल वर कमी चढतं, म्हणून धूर दबतो. झीज मात्र तशीच. वर थंडीत ते बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. रब्बीत पहाटे माझा स्टार्टर कण्हायला लागला, तेव्हा कळलं. शेवटी इंजिन खोलून लायनर-पिस्टन बदलले.

बाटलीचे पैसे त्या कामासाठी ठेवा, अन् पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच ऑइल टाका.