तीन कलमं, एक चाकू

मराठीत 'कलम' हा शब्द तीन ठिकाणी राबतो. लिहायचं ते कलम, झाडावर बांधायचं ते कलम आणि कायद्याच्या पुस्तकातलं तेही कलमच. बुलढाणा जिल्ह्यात मिटवून खिशात ठेवायच्या चाकूचा माग काढायचा तर या तिन्ही कलमांच्या मागे जावं लागतं. तलवारीच्या मागे गेलं तर तो सापडत नाही.

तलवारींची या जिल्ह्याला कमतरता नाही. सिंदखेड राजा हे जिजाऊंचं माहेर. त्यांचे वडील लखुजी जाधवराव 25 जुलै 1629 रोजी दौलताबादला निजामशाहाच्या दरबारात मुलं आणि नातवासह मारले गेले. साखरखेर्ड्याच्या रानात 1724 साली निजामुल्मुल्काने मुबारिजखानाला हरवलं आणि दख्खनचं राज्य तिथेच पक्कं केलं. अंगावर लपवून नेलेल्या शस्त्राची सगळ्यात गाजलेली कथा तर जाधवरावांच्याच नातवाची. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांनी अफजलखानाला भेटताना बिचवा आणि वाघनखं जवळ ठेवली होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं 2024 च्या जुलैत साताऱ्यात प्रदर्शनाला आली तेव्हा बघायला रांगा लागल्या. ती महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं.

पण यातलं एकही हत्यार दुमडत नाही. बिचवा, कट्यार, जांबिया यांचं पातं मुठीत घट्ट बसवलेलं असतं आणि त्याला कारण आहे. मिटणारं पातं एका खिळ्यावर फिरतं. भोसकताना टोक हाडाला किंवा पट्ट्याला अडलं की खटका नसलेला चाकू उलटा मिटतो, आणि मिटतो तो धरणाऱ्याच्याच बोटांवर. जिवावर बेतलं तर उपयोगी पडेल म्हणून आज जो मिटता चाकू घेतो, त्याने हे घरीच, मिटलेल्या पात्याची चाल बघून समजून घेतलेलं बरं. जुन्या शिपायाने दुमडता चाकू कमरेला लावला नाही तो काही अडाणीपणामुळे नव्हे.

मग तो होता कुणाकडे? आधी कारकुनाकडे.

मोडी लिहायची ती बोरूने. बोरू म्हणजे पोकळ काडी. तिचं टोक तिरकं तासायचं, मधोमध बारीक चीर द्यायची, मग ती शाई धरते. लिहून लिहून टोक दबलं की पुन्हा तासायचं. त्यासाठीच्या छोट्या चाकूला फारसीतून आलेलं नाव कलमतराश, म्हणजे कलम तासणारा. बुलढाण्यासह सगळ्या वऱ्हाडात गावचा जमाखर्च लिहिणारा कुलकर्णी आणि पुढे इंग्रजी अमलातला पटवारी, दोघांचंही यावाचून चालणारं नव्हतं. तिरक्या कापाचा कोन चुकला की अक्षर फुगतं किंवा कोरडं पडतं. त्यामुळे चाकूची पारख हा लिहिण्याच्या कलेचाच भाग होता. पातं लांब असून उपयोग नाही, बोटभर पुरे. धार मात्र अशी हवी की काडी चिरावी, चेंगरू नये. इंग्रजीतही खिशातल्या छोट्या चाकूचं जे नाव रूढ आहे ते पिसाची लेखणी तासण्यावरूनच पडलं. दोन्हीकडे चाकू खिशात शिरला तो लेखणीचा हात धरून.

वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावची रेल्वे आणि कापसाचा बाजार सुरू झाला. सरकी, रुई आणि गाठी मुंबईकडे जाऊ लागल्या, तसा मुंबईचा माल इकडे यायची वाट मोकळी झाली. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचं मुंबईत कार्यालय होतं. विलायती वस्तरा आणि खिशातला चाकू तेव्हा साहेबी चीज समजली जाई. बोरू गेला, टाक आला, पुढे शिसपेन्सिल आली. तासायचं काम तेवढं राहिलं.

सामान्य शेतकऱ्याच्या अंगावरचं रोजचं पातं वेगळंच होतं, ते चंचीत असायचं. चंचीच्या कप्प्यांत पान, सुपारी, कात, चुन्याची डबी आणि अडकित्ता. हा अडकित्ताही एका खिळ्यावरच फिरतो, हे लक्षात घेतलं की तो चाकूचा सख्खा भाऊ वाटतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पोपटांचे, घोड्यांचे, जोडप्यांचे अडकित्ते आहेत. त्यातली कलाकुसर बघितली म्हणजे रोज हाताळायच्या वस्तूवर माणसं किती जीव लावत ते कळतं. न्हाव्याच्या धोकटीतला वस्तरा हे तिसरं मिटतं पातं. त्याची परीक्षा मात्र गिऱ्हाइकाच्या गालावर व्हायची, त्यामुळे चुकीला जागा नव्हती.

गावात ही पाती सांभाळायचा तो लोहार आणि वर्षातून एखाददा फिरत येणारा घिसाडी. खरिपाच्या आधी वखराची पास, विळे, कुऱ्हाडी पाजवून घ्यायला शेतकरी लोहाराच्या भात्याशी बसायचे. चाकूचं मर्म तापवून 'पाणी' देण्यात असतं. लाल झालेलं पोलाद एकदम पाण्यात बुडवलं की ते टणक होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा हलकं तापवायचं आणि रंग बघायचा. पिवळसर रंगावर थांबलं तर धार टिकते, निळसर होऊ दिलं तर पातं लवचिक राहतं. पहिलं चाकूला हवं, दुसरं कमानीला. पाणी जास्त झालं तर कपची उडते, कमी पडलं तर धार मुरडते. आता अनेक लोहार ट्रकच्या कमानीचा जुना पाटा घेऊन त्याचीच पाती काढतात. पोलाद मुळातच चांगलं असल्यामुळे बाजारातल्या चकचकीत चाकूला ती सहज मागे टाकतात. चकाकी आणि धार यांचा संबंध नाही, हे बाजारात कुणी सांगत नाही.

मिटता चाकू घेताना जाणता माणूस धारेकडे शेवटी बघतो. धार घरी लावता येते, खिळा घरी बसवता येत नाही. आधी चाकू उघडून पातं आडवं हलवून बघायचं. खिळ्यात ढिलाई असेल तर ती पहिल्याच दिवशी हाताला लागते. मग मिटवून टोक मुठीत पूर्ण बुडतं का ते पाहायचं, नाहीतर खिसा फाटतो आणि मांडीही. खटका असेल तर तो धूळ शिरल्यावर अडकतो का, हेही बघावं लागतं, कारण वावरातल्या खिशात धूळ असतेच. धार तपासायला नखावर पातं हलकं टेकवतात. लागलेली धार नखाला धरते, बोथट घसरते. आणि शेवटी सुतळी. एकदा कापून काही कळत नाही. सुतळीचे वीस तुकडे केल्यावर एकविसावा कसा कापला जातो, ते बघायचं.

जिल्ह्यात मिटत्या चाकूचं सगळ्यात नेमकं काम चालतं ते दुसऱ्या कलमावर. सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. संत्र्याचं रोप बियांपासून करत नाहीत. जंबेरीच्या खुंटावर चांगल्या झाडाचा डोळा बसवतात. जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद द्यायचा, साल अलगद उचलायची, डोळा आत सरकवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधायचा. या चाकूच्या दुसऱ्या टोकाला साल उचलायला बोथट चपटी पट्टी असते. छेद सालीपुरताच हवा, आतल्या लाकडाला धक्का लागता कामा नये. पातं मळकं असेल तर एका झाडाचा रोग पुढच्या शंभर झाडांत जातो, म्हणून ते औषधाने पुसत राहायचं. कुशल माणूस दिवसाकाठी शेकडो डोळे बांधतो. त्याच्या खिशातला चाकू हिसकावला तर त्याची रोजी जाते.

चाकूची बदनामी झाली ती बाहेरून. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा खटक्याचा चाकू हिंदी सिनेमाने घरोघर पोहोचवला. 1965 च्या 'वक्त'मधला राजकुमारचा चाकूचा प्रसंग लोकांना अजून पाठ आहे. पडद्यावर उघडताना होणारा तो कडकड आवाज, बस्स, एवढ्यावर चाकू म्हणजे गुंडाचं हत्यार हे समीकरण बसलं. रामपूरने 2023 मध्ये एका चौकात सुमारे वीस फुटी चाकू उभारला आणि त्याला चाकू चौक असं नावही दिलं. आपल्या मालाचा इतका उघड अभिमान बाळगणारं गाव विरळाच.

तिसरं कलम इथे येतं. 1959 चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे 2016 चे नियम पातं मोजतात. 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी शस्त्रात धरली जाते, पण घरकाम, शेती, विज्ञान किंवा कारखान्यासाठी घडवलेली पाती त्यातून वगळली आहेत. म्हणजे पावशी आणि विळा सुटले. वऱ्हाडात विळीला पावशी म्हणतात, आणि तिचं पातं कित्येक कट्यारींना लाजवेल असं असतं. खिशातला बोटभर चाकू या मापात बसतच नाही.

तरीही त्याच्यावर दुसऱ्या दाराने बंधन येतं. सण, निवडणूक, मोर्चा, तणाव असला की जिल्हादंडाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश काढतात. तो साधारण पंधरा दिवसांचा असतो आणि मोडला तर कलम 135 खाली शिक्षा होते. त्या दिवसांत बुलढाण्यात काय, कुठेही काय, चाकू खिशात टाकण्याआधी आदेश वाचलेला बरा. यादीत तलवारी, भाले, सुरे, काठ्या, लाठ्या असतात आणि शेवटी शरीराला इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू. अक्षरशः वाचलं तर या शेवटच्या ओळीत चंचीतला अडकित्ताही बसतो.