शोना भाषेची टाकून दिलेली अक्षरे

भाषाशास्त्रज्ञाने ध्वनी नेमका पकडला की लिपीचा प्रश्न मिटतो, असे आम्हांला वाटत नाही. दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, क्लेमेंट डोक यांच्या १९३१ च्या अहवालानंतर शोना भाषेच्या रोमन लेखनात आकडेदार 'बी', आकडेदार 'डी' अशी नवी अक्षरे आली. हवा आत खेचून उच्चारल्या जाणाऱ्या 'ब'ला स्वतंत्र चिन्ह लाभले. शास्त्र चोख होते. पण साध्या टंकलेखन यंत्रावर ही अक्षरे कुठून असणार? १९५५ मध्ये ती गेली. आज साधा 'बी' या आतल्या 'ब'चा आहे आणि दुसऱ्या 'ब'साठी 'बीएच' ही जोडी लिहितात. (आपल्या 'भ'शी तिची गल्लत करू नये.) भेद राहिला, आकडा गेला. नायजेरियातील हौसाच्या प्रमाण लेखनात मात्र तोच आकडेदार 'बी' अजून नांदतो आहे.