वंशावळीतली एक चूक



आजचा विषय आहे घराण्यांच्या नोंदी, थडग्या-समाध्यांच्या नोंदी, आणि त्या इंटरनेटवर चढल्यावर त्यांचं काय होतं हा. संयोजकांनी विषय सुचवला तेव्हा आम्ही लगेच हो म्हणालो. कारण या बाबतीत आमच्या हातून एक चूक झालेली आहे. आधी तीच सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड मोकळं होईल.

१९७८ साली आमच्या घरात लग्न होतं. चार गावांचे भाऊबंद जमणार होते. आम्ही नुकते कॉलेजात शिकवायला लागलो होतो, अंगात उत्साह होता. घराण्याची वंशावळ तयार केली, सायक्लोस्टाइल केली आणि मांडवात वाटली. अडचण एकच आली. आमच्या आजोबांचे थोरले बंधू कधी वारले हे कुणाला नक्की सांगता येईना. मग जुन्या पेटीत विरासतीच्या नोंदीची एक नक्कल सापडली, उर्दूतली. त्यावर साल होतं १३२८. आम्हाला उर्दू अक्षरओळख होती, म्हणजे धोका पत्करण्याइतकी होती. उर्दू कागद, तेव्हा साल हिजरी असणार, असं आम्ही धरून चाललो. तक्ता पाहिला, १९१० आलं. लिहून टाकलं.

पुढची चाळीसेक वर्षं ते १९१० कुणाच्या वाटेला गेलं नाही. मग घरातल्या एका नातीनं ती वंशावळ इंटरनेटवर चढवली. पोरीनं काम मन लावून केलं. शाळेचे दाखले गोळा केले, जन्मसालं भरली. थोरल्या आजोबांच्या मुलाचं जन्मसाल दाखल्यावर १९१४ होतं. आता पाहा, बाप वारला १९१० ला आणि मुलगा जन्मला १९१४ ला! संगणकानं तिथं धोक्याची खूण दाखवली. मग कुणीतरी बाप-लेकामधली रेघ काढून टाकली आणि 'वडील अज्ञात' असं लिहिलं. कुणी लिहिलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुजबुज सुरू झाली.

त्या मुलाचा मुलगा, म्हणजे आमचा चुलतभाऊ, सोलापूरला असतो. त्याचा फोन आला. म्हणाला, "अण्णा, आमच्या आजीनं रोजगार करून पोरगं वाढवलं. तिला मरून साठ वर्षं झाली. आन् तुमच्या एका कागदानं तिचं काय केलं बघा."

आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. दोन विधानं परस्परविरोधी असली तर दोन्ही खरी असू शकत नाहीत, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना फळ्यावर लिहून देत होतो. पण त्यातलं नेमकं कोणतं खोटं, हे तर्कशास्त्र सांगत नाही. ते आपलं आपल्याला शोधावं लागतं. इथं लोकांनी शोध न घेताच निवड केली. कागदावर शंका घ्यायची सोय होती, आमच्या वाचनावर घ्यायची होती, शाळेच्या दाखल्यावरही घ्यायची होती. आपल्या भागात निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं असतं, कारण मास्तरांनी शाळेत घालताना तीच तारीख लावली! हे सगळं सोडून शंका कुणावर घेतली, तर जिला आता उत्तर देता येणार नाही अशा एका विधवा बाईवर. आम्हाला वाटतं, आजच्या विषयाचं मूळ इथं आहे.

आम्ही पेटी पुन्हा उघडली आणि या खेपेला नक्कल उर्दूच्या एका जाणकाराला दाखवली. त्यांनी सालाच्या मागचा महिना वाचला. तो होता 'दै'. हिजरी वर्षात दै नावाचा महिनाच नाही. तो फसली वर्षातला. निजामाच्या महसुली कारभारात फसली साल चालायचं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्यानं वर्ष सुरू व्हायचं, दुसरा महिना दै. आपल्याकडच्या फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३२८ अधिक ५९०, म्हणजे १९१८. दै म्हणजे साधारण नोव्हेंबर. १९१८ चा नोव्हेंबर म्हटल्यावर काही सांगायला नको. त्याच पावसाळ्याच्या अखेरीस मानमोडीची साथ आली होती. जग तिला इन्फ्लुएंझा म्हणतं. एकट्या हिंदुस्थानात कोटीहून जास्त माणसं त्यात गेली. शिवाय कागदावरची तारीख मृत्यूची नव्हतीच, वारसाची नोंद झाल्याची होती. म्हणजे थोरले आजोबा साथीत गेले आणि त्यानंतर अज्ञान मुलाच्या वतीनं त्याच्या आईनं जमिनीवर नाव लावून घेतलं. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. सगळं जुळलं. बाई खरी होती, कागदही खरा होता. खोटं होतं ते आमचं वाचन.

ही अडचण एकट्या आमच्या घरची नाही, मराठवाड्यातल्या प्रत्येक घरची आहे. १९१८ च्या नोव्हेंबरातल्या एकाच आठवड्यात गावात दोन माणसं वारली असं धरा. एकाच्या कबरीवर हिजरी साल कोरलं जाईल, १३३७. दुसऱ्याच्या वारसनोंदीत फसली साल येईल, १३२८. पंचांगवाला ब्राह्मण शके १८४० लिहील. शंभर वर्षांनी तिन्ही आकडे नुसतेच संगणकात भरले, तर एका आठवड्यातल्या मरणांमध्ये वर्षांची अंतरं दिसतील. म्हणून आमची पहिली विनंती अशी की मूळ कागदावर जे लिहिलंय ते आधी जसंच्या तसं उतरवा. त्याचं इसवी सनात केलेलं रूपांतर शेजारी वेगळं लिहा. रूपांतर चुकलं तर दुरुस्त करता येतं, मूळ आकडाच पुसला तर काहीच करता येत नाही.

सालांचं तेच गावांच्या नावांचं. बेंबळीत १९०० साली जन्मलेला माणूस घर न सोडता निजामाच्या मुलखात राहिला, १९४८ नंतर भारतातल्या हैदराबाद राज्यात, १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात. जिल्हा आधी नळदुर्ग, मग उस्मानाबाद, आता धाराशिव. १९८२ पर्यंत लातूरही आपल्याच जिल्ह्यात होतं. परदेशी संकेतस्थळावर शोधताना ही सगळी नावं माहीत नसतील तर आपला माणूस सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे भलताच सापडतो आणि आपल्या आजोबांच्या जागी जाऊन बसतो.

आता थडग्यांकडे वळू. 'फाइंड अ ग्रेव्ह' नावाचं एक संकेतस्थळ आहे. जिम टिप्टन नावाच्या गृहस्थांनी १९९५ साली ते सुरू केलं. प्रसिद्ध लोकांच्या कबरी पाहत हिंडायचा त्यांना छंद होता. पुढं जगभरच्या हौशी लोकांनी दफनभूम्या पालथ्या घातल्या, दगडांचे फोटो चढवले. २०१३ साली ते ॲन्सेस्ट्री या कंपनीनं घेतलं. उपयोग मोठा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण दगडाचा फोटो एवढंच सिद्ध करतो की दगडावर असं कोरलंय. दगड मरणानंतर कधी बसवला, मजकूर कुणी सांगितला, हे फोटोत येत नाही.

आणि ज्यांचा दगडच नाही त्यांचं काय? आपल्याकडं बहुतेकांना अग्नी देतात, रक्षा नदीत जाते. मुसलमान, लिंगायत आणि आणखी काही समाज पुरतात, पण गरिबाचं थडगं मातीचं, दोन पावसाळ्यांत सपाट होतं. तेरला गोरोबाकाकांची समाधी सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यांच्या काळच्या इतर कुंभारांची नावं कुठं आहेत? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं पडली. हजारो माणसं गेली, एकेका चितेवर अनेकांना अग्नी द्यावा लागला. पुढं गावंच नव्या जागी वसली. आज नकाशावर किल्लारीची खूण कोणत्या किल्लारीवर ठेवायची, जुन्या की नव्या, हाही प्रश्न आहे.

त्याच्याही मागं जाऊ. रझाकारांच्या अत्याचारात माणसं मेली. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाल्यावर मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या उस्मानाबादचं नाव घातलंय. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. दोन्हीकडच्या त्या मेलेल्यांपैकी कितीतरी जणांची नावं कोणत्याही दगडावर नाहीत. म्हणून 'शोधलं, सापडलं नाही' याचा अर्थ 'असं कुणी नव्हतंच' असा करू नका.

तुम्ही म्हणाल, प्राध्यापकसाहेब, हे झालं मेलेल्यांचं, जिवंतांना याचं काय? तर जिवंतांना याचं फार आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तर फारच. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरं कुणबी नोंदींसाठी उघडली. महसुली कागद, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, जन्ममृत्यूची रजिस्टरं धुंडाळली गेली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक मान आला. सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरसंबंधी शासन निर्णय निघाला. आरक्षण कुणाला असावं या वादात आज आम्ही शिरत नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही फक्त नोंदीबद्दल बोलतो. जुन्या रजिस्टरात सापडलेलं नाव आणि आजचा अर्जदार यांच्यामध्ये वंशावळीचाच पूल असतो. एक पिढी गाळली, एकाच नावाच्या दोन चुलत्यांची अदलाबदल झाली, की पूल कोसळतो. मुलीच्या नावाआधीचा 'कु.' म्हणजे कुमारी, जातीच्या रकान्यातला 'कु.' निराळा. नुसत्या फोटोच्या तुकड्यात रकाना दिसत नाही. खरी नोंद चुकीची वाचली तर हक्काच्या पोराचा प्रवेश जातो. खोटी नोंद घुसवली तर दुसऱ्या कुणा हक्काच्या पोराचा जातो. दोन्ही पोरं शेतकऱ्यांचीच.

म्हणून पूर्वीच्या लोकांच्या रीती आठवाव्यात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. यजमान स्वतः येतो, आपल्या हातानं नावं लिहितो, सही करतो, गाव लिहितो. चुका त्यातही असतात, पण कुणी सांगितलं आणि कधी सांगितलं हे वही सांगते. हरिद्वारच्या अशा वह्यांची सूक्ष्मचित्रं अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेनं घेतली. तीच संस्था आज 'फॅमिलीसर्च' चालवते. तिथल्या सामायिक वंशवृक्षात कुणीही दुरुस्ती करू शकतो. हे चांगलंही आणि वाईटही. आमच्या घरात वाईट आधी घडलं, चांगलं मागून आलं.

आता मघाची पहिली विनंती सोडून आणखी तीन सांगतो. प्रत्येक नोंदीखाली आधार लिहा, म्हणजे कागद कोणता, कुणाजवळ आहे, कुणी वाचला. 'आजी सांगायची' हाही आधारच आहे, पण तसं स्पष्ट लिहा. फोटो काढताना पूर्ण पान घ्या, एका ओळीचा तुकडा नको. आणि जिवंत माणसांची जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, पत्ता हे चारचौघांत टाकू नका. बँकेत ओळख पटवायला हेच विचारतात. मेलेल्यांबद्दलसुद्धा एक भान ठेवा. दत्तक, दुसरं लग्न, सोडचिठ्ठी, आत्महत्या अशा नोंदी खऱ्या असल्या तरी ज्यांच्या घरातल्या आहेत त्यांना आधी विचारा. खरं असणं वेगळं आणि चव्हाट्यावर मांडणं वेगळं.

दुरुस्तीची लाज कशाला? खुद्द शिवछत्रपतींचं जन्मसाल कितीतरी काळ १६२७ मानलं जात होतं. १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध झाली, वाद पेटला, अभ्यासकांच्या पिढ्या भांडल्या, आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनानं स्वीकारायला २००१ उजाडलं. त्यानं महाराजांचं काही उणं झालं नाही. मग आमच्यासारख्याचं काय होणार होतं?

आम्ही कागदाचा पूर्ण फोटो चढवला. खाली लिहिलं की १९७८ ची चूक आमची, फसली साल हिजरी म्हणून वाचलं. नातीनं बाप-लेकातली रेघ पुन्हा जोडली. पण मधल्या काळात आणखी दोघांनी आपापल्या वंशवृक्षात ते १९१० उतरवून घेतलं होतं. त्यांना कळवलंय. एकानं बदललं, दुसऱ्याचं उत्तर अजून नाही. चूक पसरायला एक बोट पुरतं, दुरुस्तीला दारोदार हिंडावं लागतं. ते हिंडणं चूक करणाऱ्याचंच काम आहे, म्हणून आम्ही हिंडतोय.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. पेटी उघडल्यावर आमची १९७८ ची वंशावळही हाती आली. वाचून पाहिली. सगळे पुरुष. एकाही बाईचं नाव आम्ही लिहिलेलं नव्हतं. जिच्यावर एवढी कुजबुज झाली ती थोरली आजी आमच्या कागदावर नव्हतीच. आणि त्या उर्दू नकलेत, अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून, तिचं नाव मात्र स्वच्छ लिहिलेलं होतं. निजामाच्या कारकुनानं जे लिहिलं ते तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं लिहिलं नाही. आता ते नाव मुलाच्या नावावर, नवऱ्याच्या शेजारी लागलेलं आहे. इथं सांगत नाही, ते सोलापूरच्या घराचं आहे. तुम्ही मात्र आज घरी गेल्यावर आपल्या वंशावळीत बायकांची नावं आहेत का ते पाहा. नसतील तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना या आठवड्यातच विचारा.