शिशाच्या घरगुती ओतकामातील पृष्ठदोष : लिचफिल्ड, १७७६

प्रस्तावना

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या इतिहासात सेनापती, लढाया व तह यांना जे स्थान मिळाले, ते दारूगोळा तयार करणाऱ्या घरांना क्वचितच मिळाले. कनेक्टिकटमधील लिचफिल्ड येथे शिशाच्या गोळ्या घरी ओतल्या गेल्या. या ओतकामात उद्भवणाऱ्या पृष्ठदोषांच्या आधारे त्या श्रमाचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

घटना व नोंद

न्यूयॉर्कच्या बोलिंग ग्रीन येथे राजा तिसरा जॉर्ज याचा शिशाचा, सोन्याचा मुलामा दिलेला अश्वारूढ पुतळा १७७० मध्ये उभारण्यात आला होता. ९ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा सैन्यासमोर वाचला गेला आणि त्याच सायंकाळी जमावाने हा पुतळा पाडला. त्यातील बरेच शिसे लिचफिल्डला, ऑलिव्हर वुल्कॉट यांच्या घरी पोहोचले. वुल्कॉट यांच्या कागदपत्रांतील नोंदीनुसार तेथे एकूण ४२,०८८ काडतुसे तयार झाली. त्यांपैकी रूथ मार्विन हिच्या नावावर ११,५९२, तर वुल्कॉट यांच्या कन्या मेरी अ‍ॅन व लॉरा यांच्या नावांवर अनुक्रमे १०,७९० व ८,३७८ काडतुसे आहेत. लहानग्या फ्रेडरिकचीही ९३६ काडतुसे नोंदलेली आहेत.

दोषांची कारणमीमांसा

शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे चुलीच्या आचेवर ते ओतता येते. मात्र साचा थंड असल्यास धातू भरण्यापूर्वीच थिजू लागतो आणि गोळीवर सुरकुत्या पडतात. साचा अतितप्त झाल्यास पृष्ठभाग खरखरीत व निस्तेज होतो. रसावरील मळी काढली नाही, तर ती पृष्ठभागात अडकते. थिजताना शिसे आकुंचन पावत असल्याने, ओतण्याच्या तोंडाशी पुरेसा रस नसेल तर आत पोकळी राहते.

हे सर्व दोष सारखेच घातक नव्हते. तत्कालीन मस्केट बंदुकीची गोळी नळीच्या व्यासापेक्षा मुद्दाम लहान ठेवली जात असे व ती कागदी काडतुसात गुंडाळली जाई. त्यामुळे किरकोळ सुरकुती खपून जात असे. याउलट, साच्याच्या सांध्यावरील कडा किंवा ओतण्याच्या तोंडाचा खुंट तासला नाही, तर गोळी नळीत अडकण्याचा धोका होता. म्हणजेच कोणता दोष चालेल व कोणता नाही, हे ओळखणारी नजर या कामात आवश्यक होती. ती कारखान्यातील उमेदवारीने नव्हे, तर हातातील कामानेच तयार होत असे.

येथे साधनांची एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. सदोष गोळी पुन्हा कढईत टाकून वितळवता येते. नोंदवही तयार काडतुसे मोजते. फेटाळलेल्या गोळ्या मोजत नाही. परिणामी ४२,०८८ हा आकडा उत्पादन दाखवतो, परंतु त्यामागील पुनरावृत्ती, निवड व शिकण्याची प्रक्रिया दाखवत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, मस्केटच्या सैल मापामुळे घरगुती ओतकाम युद्धोपयोगी ठरू शकले. तथापि ते अकुशल नव्हते. उपरोक्त तीन मुलींच्या नावांवरच ३०,७६० काडतुसे, म्हणजे एकूण संख्येच्या सुमारे ७३ टक्के, आहेत. या श्रमाला केवळ देशभक्तीची आख्यायिका न मानता तंत्रज्ञानाच्या इतिहासात स्थान द्यावयास हवे. पुन्हा वितळलेल्या गोळीचा पुरावा उरत नाही. म्हणून उरलेल्या आकड्याचे वाचन अधिक सावधपणे करणे इतिहासकाराचे कर्तव्य ठरते.