सपाट पृथ्वी : भौतिक प्रश्न

उत्तर ध्रुव मध्यभागी आणि अंटार्क्टिकाचा बर्फ कडेला असलेली सपाट, वर्तुळाकार चकती म्हणजे पृथ्वी, ही कल्पना. आजचे समर्थक सूर्य साधारण 5,000 किमी उंचीवर चकतीला समांतर फिरतो असे मानतात.

मराठी मुलखाला हा वाद जुना आहे. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात नेमकी हरकत घेतली: भूमी सपाट असेल, तर मेरूभोवती उंचावरून फिरणारा सूर्य माणसांना सदासर्वकाळ का दिसत नाही? जमीन सपाट भासते, कारण परिघाचा लहानसा अंश सरळच दिसतो, हेही त्यांनी सांगितले. पुढे 1836 मध्ये सुबाजी बापू यांनी ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ या मराठी ग्रंथात पुराणे, सिद्धान्त आणि कोपर्निकस यांची मते शेजारी शेजारी ठेवून तपासली. मराठी गद्य अजून घडत होते, त्या काळातले हे धाडस मोठे आहे.

ही कल्पना एका ठरावीक गावी नेऊन तपासली की तिच्यातल्या अडचणी आकड्यांत दिसतात. भंडारा 21.2 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे चकतीच्या केंद्रापासून सुमारे 7,650 किमी अंतरावर येतो. चकतीची त्रिज्या 20,000 किमी. चकतीचे गुरुत्वाकर्षण सरळ खाली ओढत नाही, केंद्राकडेही ओढते. हिशेब केला तर भंडाऱ्यात ओळंबा दहा-बारा अंशांनी उत्तरेकडे कलायला हवा. शिवनी जिल्ह्यात उगम पावून भंडाऱ्यातून दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा मग उलटी वाहू लागेल. कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या तलावांमुळे हा तलावांचा जिल्हा म्हटला जातो. त्यांतला एखादा दक्षिणोत्तर किलोमीटरभर लांब असेल, तर पाणी स्थिर राहण्यासाठी उत्तरेची पाळ दक्षिणेपेक्षा सुमारे 200 मीटर उंच लागेल. शिवाय आपल्याला जाणवते तेवढे वजन मिळण्यासाठी चकती 4,000 किमीहून जाड हवी, आणि एवढे वस्तुमान स्वतःच्याच ओढीने कोसळून गोल होते.

यावर समर्थकांचे उत्तर असे, की गुरुत्वाकर्षण नाहीच, चकती सतत वेग वाढवत वर चालली आहे. मग वजन सगळीकडे सारखे भरले पाहिजे. प्रत्यक्षात गुरुत्वीय त्वरण विषुववृत्तावर 9.78 आणि ध्रुवांवर 9.83 मीटर प्रति सेकंद वर्ग आहे.

सूर्याचा प्रश्न याहून बिकट. विषुवदिनी मध्यरात्री तो भंडाऱ्यापासून 17,650 किमी दूर, तरीही क्षितिजावर सुमारे 16 अंश असेल. भास्कराचार्यांची हरकत इथे पुन्हा उभी राहते. सूर्य दिव्यासारखा खालच्या ठरावीक भागावरच झोत टाकतो, असे म्हणून रात्र सुटते, मावळणे सुटत नाही: संध्याकाळी सहाला सूर्य क्षितिजापासून 22 अंश वर आणि दुपारच्या निम्म्याहून लहान दिसायला हवा. तो तेवढाच राहतो.

26 मेच्या सुमारास दुपारी बारा वाजून आठ-नऊ मिनिटांनी भंडाऱ्यात उभ्या काठीची सावली नाहीशी होते, 17 जुलैच्या सुमारास पुन्हा. त्या दिवशीच्या स्थानिक मध्यान्ही तिरुवनंतपुरमला एक मीटर काठीची सावली 22 सेंमी, तर केपटाऊनला 143 सेंमी पडते. जमीन सपाट धरली, तर पहिल्या सावलीवरून सूर्याची उंची 6,300 किमी निघते, दुसरीवरून 4,300. केवळ दोन गावांच्या सावल्यांवरून गोल की सपाट हे ठरत नाही, कारण जवळचा सूर्यही तसाच फरक पाडतो. त्यासाठी तिसरे गाव लागते. शाळांनी शून्य सावलीचा दिवस साजरा करताना दूरच्या दोन शाळांशी आकडे जुळवून पाहावेत, इतकी ही चाचणी सोपी आहे. जमीन गोल आणि सूर्य अतिदूर धरला, तर तिन्ही सावल्यांवरून परीघ एकच येतो: सुमारे 40,000 किमी.