जावा आणि हवा

गावाचा इतिहास सांगायला बसलं की माणसं देवळापासून सुरुवात करतात. मग शाळा कधी निघाली, वीज कधी आली, पहिला ट्रॅक्टर कुणाचा, सोसायटीचा पहिला चेअरमन कोण. पहिल्या मोटारसायकलीचं नाव कुणी काढत नाही. खानापूर तालुक्याच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या आमच्या गावात पहिली मोटारसायकल आली ती माझ्या थोरल्या चुलत्यांची, आण्णांची जावा. ती अजून आमच्या सोप्यात उभी आहे आणि किक मारली तर चालू होते. तिची ही हकिकत. त्यातही मुख्य हकिकत तिच्या हवेची.

जावा हे नाव ऐकून पुष्कळांना ते जावा बेटाचं वाटायचं. तसं काही नाही. प्राग शहरात १९२९ साली यानेचेक नावाच्या कारखानदारानं वाँडरर या जर्मन कंपनीच्या गाडीचा नमुना घेऊन मोटारसायकली काढायला सुरुवात केली. यानेचेकचा 'जा' आणि वाँडररचा 'वा' मिळून जावा झाली. आपल्या देशात १९६१ पासून ती म्हैसूरला तयार होऊ लागली. पुढं १९७३ च्या सुमाराला नाव बदलून येझदी झालं. अडीचशे सीसीचं टू स्ट्रोक इंजिन, दोन सायलेन्सर, तांबूस रंग आणि टाकीच्या दोन्ही बाजूंना चकाकणारा निकेलचा पत्रा. सगळ्यांना नवल वाटायचं ते किकचं. मारायची किक आणि पायानं टाकायचा गियर हा एकच दांडा. गाडी चालू झाली की तोच दांडा पुढं पाडायचा, की झाला गियर. बैलगाडीवाल्या गावाला ही जादूच होती.

आण्णा पेशानं इंजिन मिस्त्री होते. शाळा चौथीपर्यंत. पण किर्लोस्करवाडी आमच्यापासून लांब नाही, त्यामुळं ऑइल इंजिन आमच्या भागात लवकर आलं आणि ते दुरुस्त करणारी माणसंही लवकर तयार झाली. आण्णा सायकलवर पान्ह्यांची पिशवी अडकवून विहिरीविहिरीनं फिरायचे. इंजिन दोन दिवस बंद पडलं तर उभं पीक माना टाकतं. म्हणून मिस्त्रीला रात्री-अपरात्री उठवायला माणूस यायचा.

मधे बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींनी तळ गाठला, तिथं इंजिनाला काय काम! मिस्त्रीकी बंद पडली आणि आण्णा चुलतीला घेऊन खडी फोडायला गेले. रोजगाराच्या कामावर तेव्हा सगळा गाव होता, मळेवाले आणि भूमिहीन एका रांगेत बसलेले. मी लहान होतो. सुकडी आणि तांबडी मिलो खाल्लेली आठवते. आण्णांनी दोन उन्हाळे खडी फोडली. नाकातोंडाला टॉवेल बांधायचे, तरी घरी आले की भुवया पांढऱ्या असायच्या. खोकला तिथूनच त्यांच्या मागं लागला. चुलती म्हणायची, "आजून त्या खडीचा भुगा हाय ह्यांच्या छातीत." तेव्हा ते बोलणं आम्ही चेष्टेवारी न्यायचो.

पाऊसपाणी सुधारलं, विहिरी भरल्या, इंजिनं पुन्हा सुरू झाली. १९७८ साली आण्णांनी कराडच्या एका माणसाकडून ही जावा जुनी विकत घेतली. मी नुकताच नव्या पद्धतीची दहावी पास होऊन शेतात लागलो होतो. पान्ह्यांची पिशवी धरून मागच्या सीटवर बसायचं काम माझ्याकडं आलं. माझं पुढचं शिक्षण त्या सीटवरच झालं.

आता हवेकडं येतो. गाडी पेट्रोलवर चालते असं आपण म्हणतो, पण ती पेट्रोलापेक्षा कितीतरी जास्त हवा खाते. वजनानं मोजलं तर एक भाग पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा भाग हवा लागते. मापानं मोजलं तर एक लीटर पेट्रोलामागं साधारण नऊ हजार लीटर हवा. दोनशे लीटरची टिपाडं धरली तर पंचेचाळीस टिपाडं भरून! एवढी हवा आमच्या रस्त्यानं चाललेली गाडी ओढणार, आणि आमचे रस्ते म्हणजे घोट्याएवढा फुफाटा. म्हणून सीटखाली हवेचा फिल्टर असतो, फिल्टरपासून कार्बोरेटरपर्यंत रबरी होज असते, आणि कार्बोरेटर सिलिंडरच्या तोंडाशी दोन नटांवर पॅकिंग घालून बसवलेला असतो. हवेची वाट ती एवढीच, वीतभर. पण तिच्यात कुठंही भेग पडली की इंजिनाचं आयुष्य संपलं.

टू स्ट्रोकमधे तर जास्तच. त्यात इंजिनाला वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलातच लीटरला चाळीस-पन्नास मिली ऑइल घालायचं आणि त्याच मिश्रणानं आतली बेअरिंगं, पिस्टन सगळं भिजायचं. बाहेरून फुकटची हवा शिरली की मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रणानं इंजिन जास्त तापतं, आणि पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. दोन्हीकडून मार. पिस्टन फुगतो आणि चालत्या गाडीत सिलिंडरला धरतो. मागचं चाक जागेवर अडकतं.

१९८३ च्या उन्हाळ्यात विट्याहून येताना चढाला आमची गाडी तशीच धरली. मी मागं होतो. चाक घासत गेलं, आण्णांनी झटक्यात क्लच दाबला म्हणून दोघं पडलो नाही. तालुक्याच्या एका मेस्त्रीकडं गाडी नेली. त्यानं सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन टाकला. वर "फिल्टरनं गाडी पिकप घेत नाही" असं म्हणून फिल्टर काढून फेकला. आवाज भारदस्त झाला, पोरं वळून बघायला लागली. दीड महिन्यात गाडी परत धरली.

या खेपेला आण्णांनी गाडी कुणाकडं नेली नाही. बाभळीखाली पोतं अंथरलं आणि प्लग काढून तळहातावर घेतला. चांगल्या गाडीचा प्लग विटकरी असतो, हा चुन्यासारखा पांढरा होता. आण्णा म्हणाले, "आरं, ही हवा खातीया. सक्शनला एअर धरल्यावाणी."

ते वाक्य ज्याला विहिरीवरचा पंप ठाऊक आहे त्यालाच पटकन कळेल. पंपाच्या सक्शन पाइपाला सांध्यात बारीक जरी छिद्र असलं तरी पंप पाणी उचलत नाही, हवाच ओढत बसतो. छिद्र डोळ्याला दिसत नाही, कारण त्यातून पाणी बाहेर येत नाही. हवा आत जात असते. मग आम्ही सांध्याला शेणाचा लेप द्यायचो. लेप जिथं आत ओढला जाईल तिथं छिद्र. आण्णांनी तीच युक्ती गाडीला लावली. तात्पुरतं घासूनपुसून इंजिन चालू केलं, कोंबडीचं पीस ऑइलात बुडवलं आणि एकेका सांध्यावरनं फिरवलं. कार्बोरेटर सिलिंडरला बसतो त्या पॅकिंगपाशी ऑइल आत ओढलं गेलं, इंजिनाचा आवाज बदलला आणि सायलेन्सरमधून धुराचा लोट आला. चोर सापडला.

आण्णांनी मला तेव्हा समजावलं की हवेची चोरी दोन जागी होते आणि दोन्हींचा दंड वेगळा. कार्बोरेटरच्या अलीकडं, म्हणजे होजमधे भेग असली किंवा फिल्टर नसला तर हवेबरोबर फुफाटा आत जातो. टू स्ट्रोकमधे तो आधी खाली क्रँकच्या बेअरिंगमधून फिरतो आणि मग वर सिलिंडरमधे येतो. पॉलिश पेपरनं घासावं तसं सगळं घासून काढतो. हे मरण सावकाश येतं. कार्बोरेटरच्या पलीकडं चोरी असली तर पेट्रोल-हवेचा हिशोबच चुकतो आणि गाडी भर रस्त्यात धरते. हे मरण एकदम. आमच्या गाडीला दोन्ही होतं.

दुरुस्ती अशी झाली. कोणीतरी नट ताकदीनं आवळल्यामुळं कार्बोरेटरच्या बैठकीचे दोन्ही कान वाकले होते आणि मधे फट पडली होती. कार्बोरेटर जस्ताच्या मिश्रधातूचा, मऊ. ठोकून सरळ करायला गेलं तर मोडतो. म्हणून आरशाची काच पाटावर ठेवली, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर, आणि बैठक त्यावर इंग्रजी आठाचा आकडा काढत घासली. मधेमधे कोळशानं काळी करून बघायची. काळं सगळीकडून सारखं निघालं की बैठक सपाट झाली. जाड कागद त्यावर धरून कडेकडेनं हातोडीनं हलकं ठोकत पॅकिंग कापलं. मधलं भोक कागदानं जरासुद्धा झाकता कामा नये. नट आलटूनपालटून आवळायचे, बोटाच्या ताकदीनं, कोपराच्या नव्हे. होजच्या जागी ट्रॅक्टरच्या पाण्याच्या नळीचा तुकडा बरोबर बसला, त्याला दोन्हीकडं क्लिपा. फिल्टर मात्र मी कोल्हापूरहून नवा आणला. ती गाडी त्यानंतर एकदाही धरली नाही. आवाज साधा झाला, पोरं वळून बघायची बंद झाली, आणि आण्णा पुन्हा विहिरीविहिरीनं फिरू लागले.

म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. हळूहळू दुकानदारांनी त्या गाडीचे सुटे भाग ठेवणं सोडलं. तोवर विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या होत्या, इंजिनं भंगारात गेली होती. आण्णांचा दमही वाढला होता. सोप्यातून गोठ्यापर्यंत चालत गेले तरी कठड्याला टेकायचे. डॉक्टरांनी फोटो काढला आणि विचारलं, "दगडाच्या खाणीत होता का?" चुलतीनं खाली मान घालून सांगितलं, "दुष्काळात खडी फोडली हो." फोडलेल्या दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि तिथून निघत नाही, एवढं डॉक्टरांनी समजावलं. इंजिन बोअर करून पिस्टन बदलता येतो. छातीला तशी सोय नाही.

२००९ साली भंगारवाला दारात आला, तेव्हा घरात बोलणं निघालं की जावा देऊन टाकावी. आण्णा काही बोलले नाहीत, कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. मी भंगारवाल्याला परत पाठवलं आणि गाडी बाभळीखाली घेतली.

या वेळचं दुखणं वेगळं होतं. गाडी चालू व्हायची पण रेस खाली बसायची नाही, कधी भडकायची, कधी विझायची. सगळे सांधे ऑइलानं तपासले, काही नाही. आण्णा खाटेवरून आवाज ऐकत होते. धाप लागत तुटक बोलले, "स्लाइड बघ. उजेडात धर." कार्बोरेटर उघडून उन्हात धरला. अॅक्सिलरेटरच्या वायरीनं वरखाली होणारी नळकांडी आणि तिची विहीर यांच्यात उजेडाची रेघ दिसत होती. चाळीस वर्षं वरखाली होऊन दोन्ही झिजले होते आणि कडेनं हवा वाट काढत होती. नवा भाग कुठं मिळेना. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्यानं विहीर आतून एकसारखी कातून गोल केली आणि तिच्या मापाची पितळेची नवी स्लाइड केली. मोकळीक केसाच्या जाडीएवढी. घट्ट केली तर तापल्यावर अडकेल आणि रेस चढलेलीच राहील, सैल केली तर पुन्हा हवा. तो लेथवाला साठीचा होता. म्हणाला, "असलं काम घेऊन आता कोण येत नाही."

जोडणी करून किक मारली. तिसऱ्या किकला गाडी लागली आणि मूठ सोडल्यावर आवाज एका जागी बसला, सावकाश आणि सारखा. आण्णा खाटेवर उठून बसले. किती वेळ ऐकत होते. मग मला म्हणाले, "आता बंद कर. पेट्रोल जाळू नगंस."

पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

जावा २०१८ साली नव्या कंपनीनं पुन्हा बाजारात आणली, येझदीही पाठोपाठ आली. नव्या गाड्यांत पेट्रोल-हवेचा हिशोब यंत्रच ठेवतं. चांगलं आहे. पण विहिरीच्या पंपावरून मोटारसायकलीचं दुखणं ओळखणारी, चौथी शिकलेली मिस्त्री मंडळी आमच्या गावोगावी होती, आणि त्यांच्यातल्या कित्येकांनी बहात्तरला खडी फोडली होती, हे कुठल्या कागदावर नाही. म्हणून लिहून ठेवलं. माझ्या नातवाला मी पीस आणि ऑइलाची युक्ती दाखवली आहे. दर उन्हाळ्यात फिल्टर धुणं त्याच्याकडं दिलं आहे, आणि शेतात औषध मारताना तोंडाला फडकं बांधल्याशिवाय मी त्याला पंपाला हात लावू देत नाही.